सोडायचं माप

चाळीस मिलिमीटर म्हणजे माणसाची दोन बोटं. या दोन बोटांच्या फटीपायी कारखान्याचा एक अख्खा विभाग बंद पडला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ओळंब्याचा गेटपास काढून घेतला. चौकशी नंतर, शिक्षा आधी. कारखान्यात चूक पाण्यासारखी असते. उताराने खाली येते आणि सगळ्यात खाली जो उभा असेल त्याच्या बुटात शिरते.

ओळंबा म्हणजे पाइप फिटर. खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथेच राहिलं. अंगाने सडसडीत, उभा ताठ, बोलण्यात कंजूष. भिंतीला सोडलेला ओळंबा स्वतः काही बोलत नाही, पण त्याच्याकडे बघून भिंत कुठे वाकली ते कळतं, तसा हा माणूस. एकतीस वर्षं पाइप कापत होता आणि त्याने कापलेला पाइप भंगारात गेला असं कुणाला आठवत नव्हतं. आता गेला होता. तोही जाड, महागड्या जातीचा, ज्याचा दुसरा तुकडा गोदामात नव्हता. जोडायला नेला, तर दोन फ्लँजांच्या, म्हणजे बोल्टने जोडायच्या कड्यांच्या, मध्ये दोन बोटं आरामात जात होती.

ड्रॉइंग ऑफिसात ही बातमी शिपायाने आणली. "बाई, तुमच्या पाहुण्यांना गेटाबाहेर काढलं," असं म्हणून तो फायली घेऊन पुढच्या टेबलाकडे गेला. अशी माणसं बातमी टाकतात आणि फुटण्याचा आवाज ऐकायला थांबतसुद्धा नाहीत.

बाईंना तोंडावर सगळे 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'ब्लेडबाई'. एकोणिसाव्या वर्षी त्या ट्रेसर म्हणून लागल्या. दुसऱ्याने पेन्सिलीने काढलेलं ड्रॉइंग ट्रेसिंग पेपरवर शाईने गिरवायचं, एवढंच काम. शाईची रेघ चुकली तर दाढीच्या पात्याच्या अर्ध्या तुकड्याने ती खरवडायची, आणि तीसुद्धा अशी की कागदाला कळता कामा नये. यात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. शिक्षण मॅट्रिक. पाइपिंग त्या कॉलेजात शिकल्या नाहीत, गिरवता गिरवता शिकल्या. अडतीस वर्षं नोकरी झाली होती, त्यातली शेवटची सव्वीस ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या 'तपासले' या चौकटीत सही करण्याची. निवृत्तीला दीड महिना उरला होता. आणि ओळंबा त्यांच्या नणंदेचा नवरा होता.

बाईंनी कपाट उघडून दोनशे चौदा नंबरचं ड्रॉइंग काढलं. पंपापासून टाकीपर्यंत जाणारी एक साधी पाइपलाइन. सरळ तुकडे चार, त्यांची मापं चार: चौदाशे पन्नास, आठशे वीस, तेवीसशे दहा, सहाशे चाळीस. बाजूला एकूण माप: पाच हजार दोनशे साठ.

त्यांनी खडूने फळ्यावर शाळकरी पोर करतं तशी कागदाच्या कडेला बेरीज मांडली. पाच हजार दोनशे वीस.

पुन्हा केली. बेरजेला दया येत नाही. तेवढीच आली.

आणि कोपऱ्यात, 'तपासले' या चौकटीत, त्यांची स्वतःची घोटीव सही.

बाई चष्मा काढून बसून राहिल्या. आपण बेरीज का केली नाही हे त्यांना लगेच कळलं, आणि ते कळणं चुकीपेक्षा जास्त लागलं. गेले दोन महिने सोडले तर अडतीस वर्षांत कुठल्याच ड्रॉइंगवर बेरीज करायला काही नव्हतंच.

त्या लागल्या तेव्हा मास्तरांचं राज्य होतं. मास्तर म्हणजे मुख्य ड्राफ्ट्समन. पायात कॅनव्हासचे बूट, कानामागे पेन्सिल, आणि पदवी नसल्याचं दुःख नसलेला माणूस. लांबच लांब खोली, उत्तरेच्या खिडक्या, तिरक्या टेबलांची रांग. शाई पसरू नये म्हणून ट्रेसिंगवर पावडर चोळायची, तिचा पांढरा थर सगळ्यांच्या कोपरांवर बसलेला. कोपऱ्यातल्या प्रिंट मशीनमधून अमोनियाचा असा भपकारा यायचा की दिवसभर सगळ्यांचे डोळे पाणावलेले असत. त्या ऑफिसात खरंच कोण कधी रडलं हे त्यामुळे कुणालाच कळलं नाही, आणि बाईंना पहिल्या वर्षी याचा फार उपयोग झाला.

मास्तरांचा एक नियम होता. कुठलंही ड्रॉइंग सही होऊन बाहेर जाण्याआधी त्याचं वाचन व्हायचं. शनिवारी सकाळी एक फिटर वर बोलावला जायचा. तो कोपरापर्यंत साबण लावून हात धुऊन यायचा आणि ते पाठीमागे बांधून टेबलाशी उभा राहायचा. मास्तर त्याच्या हातात विणायची एक सुई द्यायचे, त्यांच्या बायकोची. त्या सुईच्या टोकाने फिटरने पाइप धरून चालायचं, मोठ्याने बोलत. "इथून निघालो. दीड मीटर सरळ. मग वर वळलो. इथे वॉल्व्ह." तो जिथे अडला तिथे काहीतरी घालायचं राहिलंय. आणि जे काही सुईने न शिवता तीन शनिवार नुसतं कागदावर पडून राहिलं, ते बाईंच्या पात्याखाली.

"ड्रॉइंगवर आपलं ज्ञान दाखवायचं नसतं," मास्तर म्हणायचे, "पाइप दाखवायचा असतो."

आणि दुसरं त्यांचं म्हणणं, मापांचं. तुकडे चार असतील तर तिघांचं माप द्यायचं, एकूण द्यायचं आणि एक तुकडा मोकळा सोडायचा. तो फिटर जरा लांब ठेवतो आणि जागेवर नेऊन कापतो. "पाया खचतो, लोखंड तापतं, माणूस चुकतो," मास्तर सांगायचे. "ही सगळी चूक शेवटी कुठेतरी जाऊन बसणारच. तिला बसायला एक पाट मांडून ठेवा. नाही मांडलात तर ती तुमच्या डोक्यावर बसेल."

ओळंबा पहिल्यांदा वाचनाला आला तेव्हा बाईंनी काढलेलं ड्रॉइंग होतं. अर्ध्यावर सुई थांबली.

"हा वेल्ड करायला माणूस बसणार कुठे?"

"खालून," बाई म्हणाल्या.

"खाली खांब आहे."

"खांब वेगळ्या ड्रॉइंगवर आहे."

"मी एकाच कारखान्यात असतो हो," तो शांतपणे म्हणाला.

मास्तर टेबल बडवून हसले. बाई दिवसभर धुमसत राहिल्या आणि घरी जाऊन त्या उंच, शिष्ट फिटरचा उद्धार केला. नणंदेने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "दिसायला कसा आहे?" पुढच्या वर्षी लग्न झालं. तेव्हापासून नणंद येईल त्या जाईल त्या माणसाला सांगायची, "वहिनीने मला नवरा नाही दिला, रिव्हिजन दिलीय. म्हणाली, राहिलेलं तुम्ही सुधारून घ्या, वन्सं."

मास्तर गेले. टेबलं गेली. अमोनिया गेला, त्याचं कुणी वाईट वाटून घेतलं नाही. संगणक आले, आणि वाचन कुणी बंद केलं नाही, ते आपोआप बंद पडलं. चांगल्या गोष्टी बंद करायला हुकूम लागत नाही. एक शनिवार चुकला की पुरतं.

आणि वर्षभरापूर्वी नवे साहेब आले. तिशीचे, हुशार, वागायला गोड. वाईट असते तर बरं झालं असतं, मोकळेपणी भांडता तरी आलं असतं. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी एक यादी केली: प्रत्येक ड्रॉइंगवर असलेच पाहिजेत असे त्रेसष्ट मुद्दे. प्रत्येक वेल्डचा नंबर, प्रत्येक बोल्टचं वजन, तुकड्यातुकड्याचं माप, वर एकूण. संगणक सगळं देतो, मग लपवायचं कशाला, असा त्यांचा सवाल. कागद मुंग्यांच्या वारुळासारखा दिसायला लागला. खाली शेवटची ओळ: ड्रॉइंगप्रमाणेच कापावे, जागेवर बदल करू नये.

बाई दोन दिवस भांडल्या. "एक तुकडा सोडा," म्हणाल्या.

"बाई, माहिती जास्त झाली तर बिघडलं काय?"

"फिटरला हवं ते सापडत नाही."

"शोधेल ना. त्याचं कामच आहे ते."

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळीचा पाय कुठे अडकलाय ते दिसत नाही. पण तिसऱ्या दिवशी बाई गप्प बसल्या. तीन-साडेतीन महिने राहिलेत, कोण डोकं लावणार. हे त्या मनात म्हणाल्या होत्या, ते त्यांना आता शब्दन् शब्द आठवलं. नंतर दोनशे चौदावर पंप चाळीस मिलिमीटर सरकवला गेला. एकूण माप नवं आलं, एक तुकडा जुनाच राहिला. बाईंनी पाचही आकडे हिशेबाच्या तक्त्याशी ताडले. तक्त्यातही तो तुकडा जुनाच होता. एकेक आकडा बरोबर. सही.

ऑफिस सुटल्यावर त्या थेट नणंदेच्या घरी गेल्या. वन्सं ओट्याशी वाटाणे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ये. मागे आहेत. न गळणारा नळ दुरुस्त करतायत."

ओळंबा मोरीत उकिडवा बसला होता. हातात पाना. बाई दारात उभ्या राहिल्या.

"भावजी, मापं जुळत नव्हती. चाळीसने."

"हं."

"हं काय? कापायच्या आधी दिसलं होतं?"

त्याने नळ एकदा उघडला, बंद केला. "दिसलं होतं."

"मग विचारलं का नाही?"

तो पान्याकडे बघून बोलला. "खाली तुमची सही होती, वहिनी."

बाईंनी दाराची चौकट धरली.

"म्हटलं, वहिनींनी काहीतरी बघून ठेवलं असेल," तो म्हणाला. "आपल्याला काय, एवढी रेघ दिसते. कागदावर लिहिलंय तसंच कापा, म्हणून खाली छापलंय. कापलं."

"एकतीस वर्षं कुणाचं ऐकलं नाही," आतून वन्संचा आवाज आला. "माझं तर मुळीच नाही. नेमकं त्या कागदाचं ऐकायचं सुचलं."

"हे चौकशीत सांगितलंत?"

"नाही."

"का?"

"तुमचा दीड महिना राहिलाय." आता तो उठून उभा राहिला. "उद्या कागदावर सही मागतायत. फिटरच्या निष्काळजीपणामुळे, असं लिहिलंय. करून टाकतो. माझीही दोनच वर्षं राहिली होती."

निष्काळजी. ज्याने कापलेल्या पाइपांवर अर्धा कारखाना उभा आहे, त्याच्या शेवटच्या कागदावर हा शब्द. आणि तो शब्द टाळायचा तर बाईंच्या सव्वीस वर्षांच्या सहीवर काट मारायची. तिसरी वाट नव्हती.

निघताना वन्सं दारापर्यंत आल्या. डोळे लाल होते, आवाज नेहमीचा. "दादा असता तर त्याच्याकडे हट्ट केला असता. तुझ्याकडे नाही करणार, वहिनी. तुझंही नाव आहे."

"नाव आहे ना," बाई म्हणाल्या. "म्हणूनच तर घोळ झाला, वन्सं."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत ओळंबा टेबलासमोर उभा होता, पुढ्यात सहीचा कागद, शेजारी पेन. बाई दार न वाजवता आत गेल्या आणि दोनशे चौदा टेबलावर पसरलं.

"ही चूक माझी आहे."

"बाई, बसा आधी." साहेबांनी खुर्ची पुढे केली. "तुमचं नातं आहे हे सगळ्यांना माहीत आहे. मला तुमच्याबद्दल आदर आहे. पण नात्यासाठी आपली सही—"

"नातं जुनं आहे, साहेब. सही मागच्या महिन्यातली आहे. हे चार आकडे बेरीज करा."

"लोक काय म्हणतील, त्याचा विचार—"

"लोकांना बेरीज येत असेल तर तेही करतील. तुम्ही करा."

साहेबांनी पेन उचललं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला जे पेन आणलं होतं तेच. त्यांनी बेरीज केली, वर एकूण मापाकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा गोडवा हळूहळू उतरला. खाली जो दिसला तो एक साधा, घाबरलेला माणूस होता. बाईंना तो पहिल्यांदा आवडला.

"एकूण माप यादीत मीच घातलंय," ते म्हणाले. "तुकड्यांचंही."

"तुम्ही घातलंत, सही मी केली. तुम्ही नवे होता. मला मात्र कळत होतं, आणि मी कंटाळून गप्प बसले. कळत असून गप्प बसतो त्याची चूक मोठी. तसं लिहा."

"आणि यांनी विचारायला हवं होतं," साहेब ओळंब्याकडे बघत म्हणाले. हात दगडाखालून काढून घ्यायची शेवटची धडपड.

"हो," ओळंबा म्हणाला. "हवं होतं."

दुपारी त्याला गेटपास मिळाला. बाईंना मेमो मिळाला, अडतीस वर्षांतला पहिला: तपासणीत हलगर्जी, सक्त ताकीद. बाईंनी तो दोनदा वाचला, घडी घातली आणि डब्याच्या पिशवीत ठेवला. कुणी म्हणालं, हात दाखवून अवलक्षण केलंत. कुणी म्हणालं, नणंदेच्या नवऱ्यासाठी केलं. पुन्हा एकूण मापाचा विषय कुणी काढला नाही. साहेबांना मेमो आला नाही. साहेबांना येत नसतो.

पण साहेबांनी एक गोष्ट केली, जी त्यांना कुणी सांगितली नव्हती. दोन दिवसांनी ते यादी आणि दोनशे चौदा घेऊन बाईंच्या टेबलाशी आले. "यातलं काय काढायचं?"

"मला नका विचारू. ज्याला लागतं त्याला विचारा."

दोघं खाली पाइपच्या शेडमध्ये गेले. कापलेल्या लोखंडाचा करपट वास, ग्राइंडरचा कर्कश सूर. या शेडमध्ये बाई मास्तरांच्या मागून पहिल्यांदा आल्या तेव्हा नव्या चपलेचा तळवा गरम चुऱ्याने वितळला होता, आणि मास्तर म्हणाले होते, आता तू पाइपवाली झालीस. बाईंना वाटलं, आपण या जागेला किती वर्षं नुसतं खिडकीतून पाहत आलो.

ओळंब्याने लोखंडी टेबल बोळ्याने पुसलं. ड्रॉइंगच्या चार कोपऱ्यांवर चार नट ठेवले. बोट ठेवून पंपापासून निघाला, आणि ज्याच्याशी त्याचं काम नव्हतं त्यावर बाई पेन्सिलीची काट मारत गेल्या. बोल्टांची वजनं गेली. प्रत्येक वेल्डचे तीन तीन नंबर गेले, एक राहिला. चौथ्या तुकड्याचं माप साहेबांनी स्वतः खोडलं आणि तिथे लिहिलं, जागेवर कापावे. वाद झाले. उताराच्या खुणेवरून बाई आणि ओळंबा असे भांडले की शेजारचा वेल्डर काच वर करून बघायला लागला.

"भावजी, पाणी तुंबलं तर मला सांगायला येऊ नका."

"तुम्हाला कशाला सांगेन? तुम्ही तोवर घरी बसलेल्या असाल."

उताराची खूण राहिली.

मग ओळंब्याचं बोट खालच्या कोपऱ्यात आलं. काढले, तपासले, मंजूर. तीन चौकटी, तीन सह्या.

"हे पण काढा."

साहेब हसले. "सही नसलेलं ड्रॉइंग खाली कसं पाठवणार?"

"सहीचं ऑफिसात ठेवा. माझ्या टेबलावर येईल त्यावर नको."

"पण का?"

ओळंब्याने उत्तर साहेबांना दिलं, बघितलं मात्र बाईंकडे. "सही दिसली की मी विचारत नाही."

बाईंच्या हातातली पेन्सिल थांबली. बाकीचं सगळं त्यांनी झरझर खोडलं होतं. दुसऱ्याचं खोडायला कितीसं लागतं. त्या चौकटीत यायला त्यांना बारा वर्षं लागली होती. त्यांच्या आधी कुठल्याच ट्रेसरबाईची सही तिथे आली नव्हती. ज्या दिवशी पहिली सही केली त्या दिवशी मास्तरांनी त्या ड्रॉइंगची प्रत मशीनमधून स्वतः काढून आणली होती, ओलसर, अमोनियाने दरवळणारी, आणि म्हणाले होते, घरी ने, दाखव. यजमानांनी ती कपाटाच्या दारावर आतून चिकटवली होती. कपाट उघडलं की आधी ती दिसायची, मग कपडे. यजमान गेले, ती अजून तिथेच होती, निळी होती ती करडी झालेली.

हे सगळं फिटरला पाइप कापायला लागत नव्हतं.

त्यांनी चौकटीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काट मारली. रेघ सरळ आली.

ओळंब्याने बोट पुन्हा वर नेलं, पाइप धरून चालत आला आणि एका वॉल्व्हपाशी थांबला.

"याचं चाक कुणीकडे तोंड करून आहे?"

साहेबांनी यादी चाळली. बाईंनी ड्रॉइंगवर चष्मा टेकवला. त्रेसष्ट मुद्द्यांत हे कुठेच नव्हतं.

"माहीत नाही," बाई म्हणाल्या.

"भिंतीकडे असलं तर माणसाची बोटं सोलतील."

"मग जाऊन बघू या."

ओळंब्याने टेप खिशात घातला आणि निघाला. मागून बाई, पदर खोचून. सगळ्यात शेवटी साहेब, जमिनीवर पसरलेल्या पाइपांवरून चकचकीत बूट जपून टाकत, हातात ड्रॉइंगची सुरळी धरून.